दगडावरचं ‘काहून’

१० जाने. २०२५, शुक्रवार. एकादशी.

साबुदाणा भिजवायचा राहिला. भगर आणि दाण्याची आमटी केली. एकटीच्या स्वयंपाकात एवढं विसरणं चालतं.

दुपारी प्रकाश आला. पन्नाशीला टेकला, ग्रामपंचायतीत आहे, तरी मला तो अजून सातवीच्या वर्गात खिडकीशी बसलेलाच दिसतो. चपला दारात काढल्या आणि सरळ मोबाइल पुढे धरला. “बाई, चष्मा लावा आधी.”

पांदण रस्ता रुंद करताना नाल्याकाठी जेसीबीला मोठा काळा दगड लागला. उलटवून धुतला तर त्यावर अक्षरं. प्र.ने मोबाइलवर ब्राह्मीचा तक्ता शोधला आणि दोन दिवस एकेक अक्षर लावत बसला. त्याचं वाचन: ‘कान्हून’. म्हणजे कान्ह्यानं, म्हणजे कृष्णानं. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, आपल्याच विदर्भातली. तिला रथात घेऊन जाताना देव इथे थांबला आणि दगडावर खूण ठेवून गेला.

“पाच हजार वर्सं, बाई. आपल्या गावात.” बोलताना त्याचे डोळे भरून आले.

चष्मा लावला. अक्षरं तीनच. का, हू, न. न उलटा आहे. आडवी रेघ खाली हवी, ती वर गेली आहे.

तो न मी उलटा लिहिला होता. १९८१ साली, खडूने.

प्र.ला म्हटलं, बघते. चहा केला. साखर दोनदा पडली असावी, त्याने तसाच पिऊन टाकला.

११ जाने.

सकाळीच जाऊन आले. आहे. खरंच आहे. नाला खोल केला त्या वर्षी तो गेला असं मी धरून चालले होते. काठावर कोणी नव्हतं. बसले, अक्षरांतून बोट फिरवलं. किती वेळ ते माहीत नाही, ऊन पाठीवर आलं तेव्हा उठले.

नसीमचं लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटायला लागेल.

न. म्हणजे महबूबचाचांची मोठी मुलगी. चाचा जाती टाकवून द्यायचे. जातं झिजून गुळगुळीत झालं की छिन्नीने त्याला पुन्हा टाके घालायचे. नाल्याकाठच्या बाभळीखाली ते बसत, ते याच दगडावर. याच्याच कडेला छिन्नीला धार लावायचे, त्या दोन लांब घळी अजून आहेत. गावातून डी.एड.ला जाणाऱ्या आम्ही दोघीच. वाशिमला जाणारी सकाळची एसटी, डबा एक, चटणी माझी, भाकर तिची.

तिला कशालाही ‘काहून’, म्हणजे ‘का’, असं विचारायची खोड. सर वर्गात सांगत होते, वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. ही उभी. “मंग आता काहून नाई, सर?” सगळा वर्ग हसला. सर नाही हसले. म्हणाले, याच्याशिवाय इतिहास सुरू होत नाही. त्यांच्याच पुस्तकातून मी ब्राह्मीचा तक्ता वहीत उतरवला होता. एका सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघींनी तिचा तो शब्द दगडावर कोरला. लिपी अशी की गावात कोणाला वाचता येऊ नये. खडूने लिहिलं मी, कोरलं तिने. चाचा बाजाराला गेले होते.

पुढच्या वर्षी निकाल लागायच्या आत तिचं लग्न झालं. परभणीला गेली. तीन पत्रं आली. मग ते लोक हैदराबादला गेल्याचं कळलं आणि मग काही नाही. गावात चक्की आली, जाती बंद पडली, चाचांचं घरही अनसिंगला गेलं.

माझं लग्न राहून गेलं, त्याचं एरवी काही वाटत नाही. नसीम राहून गेली, त्याचं वाटतं.

१४ जाने. संक्रांत.

बायका वाण घेऊन दगडाकडे चालल्या होत्या, मलाही ओढून नेलं. दगडाला शेंदूर लागला आहे. अक्षरांत हळदीकुंकू भरलंय, ‘का’मधली रेघ आता दिसत नाही. मीही कुंकू वाहिलं. न.च्या अक्षराला. बोट अक्षरात जरा जास्तच रेंगाळलं, शेजारची म्हणाली, बाईंना भरून आलं.

भरूनच आलं होतं. कारण वेगळं.

प्र. तिथेच मांडवाची मापं घेत होता. म्हणाला, “बाई, आपल्या गावात कोनीच आलं नाई कधी. मंत्री नाई, कलेक्टर नाई. एसटी बी आता दोनच टाइम येते. देव तरी आला असन ना हो?” सातवीत असताना नकाशावर गाव शोधायचा आणि सापडलं नाही की वर्गात रडायचा. तो रडका चेहरा मी विसरलेले नाही.

देवावर माझा विश्वास आहे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही. पण देवाला दगडाचा दाखला लागतो असं मला कधी वाटलं नाही.

निघताना म्हणाला, माघी पौर्णिमेला, १२ फेब्रुवारीला, स्थापना करायची. पुस्तिका काढायची. “गावात ब्राह्मी शिकल्याल्या तुमीच. अक्षरं जुनी हायेत अशी दोन पानं लिवून द्या. खाली तुमची सही पाह्यजे.”

मान हलवली. हो म्हणाले का नाही म्हणाले, त्यालाही कळलं नसेल.

१९ जाने., रवि.

पुस्तिकेचा कच्चा खर्डा प्र. देऊन गेला. बत्तीस पानं. मुलाने कष्ट केले आहेत हे कबूल करायला हवं.

आसपासच्या गावांच्या नावांचीही फोड केली आहे. किन्हीराजा म्हणजे कान्हा राजा. इंझोरी म्हणजे इंद्राची झोळी. दगडाच्या कडेच्या घळी म्हणजे रथाच्या चाकांची चाकोरी. चाचांनी अर्धं आयुष्य तिथे छिन्नी घासली, ती आता चाकोरी झाली. मी किन्हीवर खूण करून लिहिलं, ‘किन्हई नावाचं झाड असतं, त्यावरून नाव पडलं असावं.’ संध्याकाळी तो परत आला तेव्हा दाखवलं.

“झाडाले नाव कोनावरून पडलं मंग, बाई?”

म्हटलं, न उलटा आहे. अशोकाच्या वेळचा न असा नसतो. त्याचा चेहरा उजळला. “म्हंजे अशोकाच्या बी आधीचा.” म्हटलं, हजारो वर्षांची अक्षरं इतकी ठसठशीत राहत नाहीत, पाण्याने कडा झिजतात. “देवाच्या हातचं हाये, झिजन कसं?”

जे जे मी पुढे करते ते ते तो आपल्याच बाजूला लावून घेतो. वर्गात इतका हुशार नव्हता. किंवा असेल, मला दिसलं नसेल.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे गोट्याच्याच कपाळी खोटं आलं.

२१ जाने.

पलीकडच्या वस्तीतली तीन कॉलेजची मुलं आली. “मॅडम, ब्राह्मी म्हंजे अशोकाची. मंग दगड आमचा हाये, इथं विहार होतं.” त्यांना म्हटलं, लिपीवरून धर्म ठरत नाही रे. ती हिरमुसली. जाताना एक जण म्हणाला, “त्यायले नाई सांगतलं तुमी असं, आमालेच काहून सांगता?” बरोबर बोलला.

वाशिमहून आलेल्या कोणी तरी म्हणे पहिल्या अक्षराला क्रूस म्हटलं. ब्राह्मीतला क अधिकाच्या चिन्हासारखा असतो, एवढंच. ज्याला जे हवं होतं ते त्याला तीन अक्षरांत मिळून राहिलंय.

२३ जाने.

आज सांगणार होते. मुद्दाम गेले त्याच्या घरी. तूर काढून अंगणात टाकली होती, त्याची आई राखणीला बसली होती. प्र.ने खुर्ची पुसून दिली आणि बायकोला म्हणाला, “ह्या बाईनंच मले शिकवलं. काई म्हनलं का विचारत, पुरावा दाखव. कानफडात नाई मारली कधी, पन पुरावा मागू मागू जीव घेतला.” बायको हसली. तो म्हणाला, “आता हा घ्या पुरावा, बाई. एवढा मोठ्ठा आनला.”

नाही सांगता आलं. हरभऱ्याची भाजी खाऊन आले.

भ्याले का? थोडी. पण त्याहून जास्त हे, की सांगितलं की दगड कोणाचाच राहणार नाही. पुन्हा जेसीबी येईल, रस्त्याच्या भरावात जाईल. देव आहे तोवर निदान कोणी तो फोडणार नाही. असा हिशोब मी मांडला. इतिहासाच्या बाईने.

२७ जाने., सोम.

काल झेंडावंदनाला गेले नाही, गुडघा. आज पुस्तिकेचा सुधारलेला खर्डा आला. पान नऊ नवीन आहे.

‘पुढे परधर्मी पाथरवटांनी येथील मूळ मंदिर फोडले. त्यांच्या छिन्नीचे घाव आजही या पवित्र शिळेच्या कडेवर दिसतात.’

तीनदा वाचलं. घळी मागच्या आठवड्यात चाकोरी होत्या, आज घाव झाल्या. पान सातवर अजून चाकोरीच आहेत, ते काढायचं राहून गेलं आहे.

महबूबचाचा. गावातलं एकूणएक जातं त्यांनी टाकवलं. प्रकाशच्या आईचंसुद्धा. टाकवून झालं की पहिला घास जात्याला म्हणून चिमूटभर ज्वारी स्वतः घालायचे आणि मग उठायचे.

लगेच प्र.ला फोन. “हे कोणी लिहिलं?”

“नाव कुटी घेतलं मी कोनाचं, बाई?”

“गावात पाथरवट एकच घर होतं.”

मग म्हणाला, वाशिमचे एक जण आहेत, पुस्तिका छापायला मदत करून राहिलेत, त्यांनी सुचवलं. “ते म्हनतात, मंदिर होतं त गेलं कुटी, हे सांगतल्याबिगर वाचनाराले पटत नाई.”

मंदिर होतं हे कोणी पाहिलं? ते गोष्टीला हवं म्हणून होतं. ते नाही म्हणून पाडणारा हवा. पाडणारा हवा म्हणून चाचा. मी गप्प बसले त्यातून हे आलं, असं आज दिवसभर वाटत राहिलं. जेवण गेलं नाही.

२९ जाने.

अनसिंगला जाऊन आले. रफीकचं वेल्डिंगचं दुकान. नसीमचा धाकटा भाऊ, मी त्याला कडेवर घेतलेलं आहे, आता दाढी पांढरी. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. त्याला सगळं आधीच माहीत होतं. पान नऊचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आला होता.

“सुमनआपा, मी काई बोलत नाई. गेट बनवतो, ग्रिल बनवतो, सगळ्यायच्या घरी जातो. मले यात पाडू नका.”

म्हटलं, नसीमचा नंबर दे. तो मशीन पुसत राहिला. पुसायला काही नव्हतं.

“देतो. पन दगडाच्या गोष्टीत तिचं नाव नका घेऊ. हात जोडतो.” खरंच जोडले.

कागदावर नंबर लिहून दिला. एसटीत तो कागद मुठीत धरून बसले. एवढं सोपं होतं? त्रेचाळीस वर्षांत मी एकदाही अनसिंगला उतरून नंबर मागितला नाही. ती करेल म्हणून थांबले. तीही तशीच थांबली असेल का.

३१ जाने.

दोन दिवस कागद देवघरात. आकडे पाठ झाले. फोन नाही.

१ फेब्रु., शनि.

लावला.

“कोन?”

“सुमन.”

मागे प्रेशर कुकरची शिट्टी. मग, “मास्तरीन?” आणि हसली. आवाज जाड झालाय, हसू तेच. ती बोलत राहिली. गुडघे, शुगर, दोन मुलगे, पाच नातवंडं, एक नात फार बोलकी. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. “इथं मराठी बोलाले कोनी नाई. तुझ्याशी बोलता बोलता जीभ सैल होऊन राह्यली पाय.”

दगड सापडल्याचं सांगितलं. शेंदूर, पुस्तिका, पान नऊ, सगळं. म्हटलं, मी खरं सांगून टाकते. खडूने मी लिहिलं, तू कोरलं.

“मी?”

“हो, तूच.”

“सुमे, मी नाई कोरलं. तू कोरलं. अब्बा मले छिन्नीले हात लावू देत होते काय? पोरीच्या जातीनं लावू नये म्हनायचे. मी त बाजूले शेळी धरून बसली होती.”

शेळी मला आठवत नाही. म्हटलं, नाही गं, तूच. मला तुझे हात दिसतात.

“तुले तसं याद असन.” मग, “रफीकचे लेकरं तिथंच राह्यतात.”

पुढे ती दुसरंच बोलू लागली. शेवटी विचारलं, “तू एकटीच हायेस अजून?”

“हो.”

“काहून?”

मी तिच्या नातीकडे विषय नेला. तिनेही मग रेटलं नाही. फोन ठेवल्यावर बसून रडले, चांगली पोटभर. किती वर्षांनी कोणी मला ते विचारलं.

३ फेब्रु.

सकाळपासून तेच. कोणी कोरलं?

न. घाबरून नाही म्हणाली, हे एक. देव झालेल्या दगडावर आपल्या घराचा हात निघायला नको, भावाची मुलं तिथे आहेत. शहाणपणाचं आहे. दुसरं, ती खरंच विसरली. तिसरं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. तिचं खरं असेल आणि माझं खोटं.

कोरणारे हात मला दिसतात असं मी म्हणते. बांगड्या कोणत्या होत्या? आठवत नाहीत. चेहरा दिसतो, तो एसटीतला. दगडाजवळचा नाही. इतकी वर्षं मी त्या दुपारची आठवण काढली आणि प्रत्येक वेळी थोडी सारखी करून परत ठेवली. हवं ते आधी ठरवून मग पुरावा शोधू नये, हे मी तीस-बत्तीस वर्षं पोरांना सांगितलं. प्रकाशला त्या दगडावर देवाचा हात हवा आहे. मला नसीमचा.

तेव्हाची वही शोधली. फडताळ, माळा, ट्रंक. तीत तो उलटा न असणार. नाही. घर रंगवलं तेव्हा मीच रद्दीत घातली असेल. पुराव्यांची किंमत मला एवढी.

५ फेब्रु.

ठरलं. मी कोरलं असंच सांगायचं. एकटीने. न.चं नाव नाही, चाचांचं नाही. न. म्हणते ते खरं असेल तर हे खरंच आहे. नसेल तर खोटं, पण ते माझ्या एकटीच्या अंगावरचं.

६ फेब्रु.

प्रकाशला घरी बोलावलं. सांगितलं. १९८१, खडू, छिन्नी, शब्द ‘काहून’, आपल्या वऱ्हाडीतला, रोजच्या बोलण्यातला. खोडी म्हणून कोरला. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“बाई, तुमच्यावर कोनाचा दबाव हाये काय? तुमी अनसिंगले गेल्त्या म्हने.”

“कोणाचा नाही.”

“मंग महिनाभर काहून नाई सांगतलं?”

म्हटलं, भ्याले. त्याने चहा संपवला. उठताना म्हणाला, “लोकायले मी काय सांगू? बाई म्हनतात म्हनून? कोरून दाखवा मंग, बाई. रागानं नाई म्हनत. मलेच पाह्यचं हाये.”

९ फेब्रु., रवि.

आज दाखवलं.

अंगणात प्र. आणि स्थापना समितीतले दोन म्हातारे. काळ्या दगडाचा एक तुकडा, नवी छिन्नी, हातोडी. चटई टाकून दिली. खडू माझा.

खडूने लिहिलं. का, हू, न. हात आपोआप गेला, न पुन्हा उलटाच आला. मुद्दाम नाही. तो बघून प्र. वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्या क्षणी त्याला पटलं होतं, मी शपथेवर सांगेन.

मग छिन्नी. पहिला घाव घसरला. दुसरा घसरला. तिसरा अंगठ्यावर. अर्धा तास मारत होते, दगडावर पांढरे ओरखडे उठले, रेघ एक नाही. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मी मारत राहिले. प्र.ने येऊन हातातून छिन्नी काढून घेतली, स्वतःचा रुमाल अंगठ्याला बांधला. “राहू द्या बाई. तुमच्या हातचं नोहे ते.”

त्याला म्हटलं, चौसष्टाव्या वर्षी हात चालला नाही म्हणून विसाव्या वर्षीही चालला नसेल, असं होत नाही. माझं म्हणणं रीतसर होतं. म्हातारे उठून गेले होते.

आणि एक लिहिते, कोणाला सांगता येणार नाही म्हणून. हरले, चारचौघांत खोटी ठरले, अंगठा ठणकतोय, आणि मला आनंद झाला. छिन्नी माझ्या हाताच्या ओळखीची नव्हती. कधीच नव्हती. इतका आनंद या घरात मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

११ फेब्रु., मंगळ.

मांडव उभा राहिला. भोंगे लागले. सकाळपासून बायका पुरणाची डाळ निवडायला बोलावतात, अंगठा दाखवून सुटले.

चार वाजता प्रकाश. दाढी वाढलेली. पुस्तिकेची पानं पुढे ठेवली. पान नऊ नाही. “काढलं बाई. आईनं बी वाचलं, ते बोलली मले. म्हने, महबूबभाईनं टाकवलेल्या जात्याचं पीठ खाऊन तू मोठा झाला.” मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तो म्हणाला, “आता सही द्या.”

मी पानं मिटून बाजूला ठेवली.

“तुमची सही असन त लोकं म्हनतीन बाईनं तपासलं, बास. पान काढलं त काढलं. सही नसन त वाशिमवाले ते पान परत टाकतीन. ते म्हनतात, तुमी त्यायच्या बाजूनं हाये म्हनून सही नाई करत. मी एकटा काय करू तिथं?” आवाज चढला नव्हता. पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. “सकाळी सातले येतो. छापनारा थांबून हाये.”

म्हणजे असं आहे. जे घडलं नाही ते खरं आहे म्हणून सही करायची, तर चाचांचं नाव वाचतं. नाही म्हणायचं, तर मी खरी राहते आणि रफीकच्या दारात काय येईल ते येईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कागद उलटेसुलटे करून पाहिले. प्र.ने सहीसाठी जागा सोडली आहे, खाली माझं नाव आणि ‘सेवानिवृत्त शिक्षिका, इतिहास’ असं छापून घेतलं आहे.

दिवे लागायच्या वेळेला नसीमचा फोन आला. तिने केला, आपणहून. सहीचं नाही सांगितलं तिला. काय सांगायचं? अंगठ्याचं तेवढं सांगितलं, हसेल म्हणून. आम्ही दोघी म्हाताऱ्या, हसायला काही तरी हवं.

हसली नाही. म्हणाली, “छिन्नी लय आडवी धरली असशीन. अन् नजर हातोडीवर. तशी नाई ठेवाची, सुमे. नजर टोकावर ठेवाची, हातोडी आपसूक येते.”

दोघी तशाच फोन धरून बसलो. तिच्याकडे कोणी तरी दार वाजवलं, मग तिने ठेवला.

बघूनही कळतं म्हणा एखाद्याला. पाथरवटाच्या घरातली मुलगी.

अंगठा सुजला आहे, पेन नीट धरता येत नाही, सही करायची म्हटली तरी वाकडी येईल. प्रकाश सातला येणार आहे.